मोपाच्या सड्यावर जाणारी बस

पणजी, पाटो. कदंब बसस्थानक. अजून उजाडायचं आहे. मोपा विमानतळाची बस फलाटाला लागली आहे. विजेवर चालणारी गाडी, त्यामुळे इंजिनाची घरघर नाही. ऐकू येतोय तो बॅगांच्या चाकांचा खडखडाट.

गोव्याला 'शटल' नवी नाही. पणजी-मडगाव, पणजी-वास्को. आधी खिडकीवर तिकीट, मग रांग. जागा भरल्या की गाडी सुटणार आणि मध्ये कुठेही थांबणार नाही. १९८० साली स्थापन झालेल्या कदंब परिवहन महामंडळाची ही सवय इथल्या माणसांच्या अंगात मुरली आहे. आताही कुणी न सांगता रांग लागली आहे.

खिडकीशी बसलेल्या काकी लेकीकडे हैदराबादला निघाल्यात. पिशवीत आमसुलं, फणसाचे पापड. एकटीचा पहिलाच विमानप्रवास. लेकीनं रात्री तीनदा फोन करून एकच गोष्ट बजावली: "आई, दाबोळी नव्हे, मोपा!"

बजावलं ते बरंच केलं. गोव्यात विमानतळ दोन. दाबोळी दक्षिणेला, जुवारी नदीपलीकडे, नौदलाच्या तळावर. मोपा उत्तरेला, पेडणे तालुक्यात. तिथून ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उडतात. तिकिटावर दाबोळीचं चिन्ह जीओआय (GOI), मोपाचं जीओएक्स (GOX). फरक एका अक्षराचा, पण चुकलात तर विमान गेलंच म्हणून समजा. घरातून निघण्यापूर्वी ते अक्षर नक्की पाहा.

बस मांडवीच्या पुलावर चढते. १९८६च्या जुलैत इथला जुना पूल कोसळला आणि पणजीकरांना पुन्हा फेरीबोटीचा आधार घ्यावा लागला. आज इथे तीन पूल आहेत. पर्वरी, म्हापसा, मग कोलवाळला शापोरा नदी.

धारगळनंतर चढण लागते. दोन्ही बाजूंना जांभा, लालभडक. कोकणात अशा उघड्या माळाला सडा म्हणतात: पावसात गवत, उन्हाळ्यात काजू. मोपाच्या सड्यावर धनगरांची वस्ती होती. विमानतळासाठी त्यांना घरं सोडावी लागली. धावपट्टीकडे पाहताना मला ती माणसं आठवतात.

म्हणून वाटतं, हा सडा गेलाच आहे, तर तिथवरची वाट सगळ्यांना परवडणारी हवी. टॅक्सीचं भाडं ऐकून काकींनी हा प्रवासच रद्द केला असता. रात्री उशिरा उतरणाऱ्यांसाठीही बस उभी असायला हवी.

बस थांबते. काकी पिशवी छातीशी धरून उतरतात, दाराशी वळून चालकाला विचारतात,

"पंधरा दिवसांनी येईन. तेव्हा गाडी इथेच मिळेल ना?"