शेवटच्या पानाची शेवटची ओळ

(दृश्य : बसस्टँडसमोरची चहाची टपरी. बाकावर दोन स्थानिक दैनिकं.)

हातातला पेपर उलटा करा. शेवटच्या पानावर अगदी तळाशी या. मुंगीएवढ्या अक्षरांत तिथं एक ओळ असते : हे पत्र मालक, मुद्रक, प्रकाशक अमुक यांनी तमुक प्रेसमध्ये छापून येथे प्रसिद्ध केले. इंग्रजांनी १८६७ साली कायदा केला, तेव्हापासून मुद्रकाचं नाव आणि छापल्याचं ठिकाण द्यावं लागतं. वाचत कुणी नाही.

आता दुसरा पेपर घ्या. पहिल्याचं नाव काढलं तरी ज्याच्या मालकाच्या कपाळावर आठी पडते, तो. त्याचीही शेवटची ओळ बघा. मराठवाड्यातल्या जिल्ह्याच्या गावांत हे बऱ्याचदा दिसतं : मालक वेगळे, संपादक वेगळे, छापखाना मात्र एकच.

(दृश्य : रात्रीचा छापखाना. मशीनवर चढणाऱ्या प्लेटा, म्हणजे पान उमटवणारे धातूचे पत्रे.)

कारण साधं आहे. वेब ऑफसेट, म्हणजे कागदाच्या सलग रिळावर छापणारं मशीन घ्यायला मोठं भांडवल लागतं, आणि काही हजार अंक ते बघता बघता छापून मोकळं होतं. मग उरलेला दिवस ते नुसतं उभं. ज्याच्याकडे मशीन आहे त्याला बाहेरचं काम हवंच असतं. ज्याच्याकडे नाही त्याला छापून हवं असतं. म्हणून एकाचं पान छपाईला सुटलं की त्याच्या प्लेटा चढतात, त्या उतरल्या की दुसऱ्याच्या. एकमेकांवर अग्रलेख झाडणारे दोन संपादक रात्री बाराला एकाच मशीनमनला फोन करून विचारतात, आपला नंबर कधी? गावातले दोन्ही मथळे सगळ्यांच्या आधी वाचणारा माणूस हाच. त्यानं एक मथळा जरी इकडचा तिकडं केला, तर उद्यापासून त्या प्रेसकडे कुणी फिरकणार नाही.

पुढं गाडी. छत्रपती संभाजीनगरहून निघालेली पेपरची गाडी बीडकडे जाते, तेव्हा आत गठ्ठ्यावर गठ्ठा असतो. डिझेल एक, ड्रायव्हर एक, पेपर चार. वाटेत उतरवून घेणारा एजंटही बहुतेक ठिकाणी एकच. सायकलीवरच्या पोराच्या पिशवीत तर वैर वगैरे काही शिल्लकच राहत नाही.

या साखळीची किंमत कळली ती २०२०च्या टाळेबंदीत. त्या एप्रिलमध्ये राज्य सरकारनं घरोघरी पेपर टाकायला मनाई केली. पेपर छापायला बंदी नव्हती, दारात टाकायला होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली. छापलेला अंक दारापर्यंत गेलाच नाही, तर तो रद्दीच.

(दृश्य : अमेरिकेतल्या शहरांचा नकाशा.)

आपल्याकडे जे गुपचूप चालतं, त्यासाठी अमेरिकेत १९७० साली खास कायदा झाला. तिथं सुरुवात १९३३ची, अल्बुकर्की शहरातली. सकाळचा जर्नल आणि संध्याकाळचा ट्रिब्यून यांनी छपाई, वितरण, जाहिरात खातं एक केलं, बातमीदार आणि संपादक वेगळे ठेवले. मंदीच्या दिवसांत हे इतरांनीही उचललं. पण दोन स्पर्धक मिळून जाहिरातीचा दर ठरवतात, नफा वाटून घेतात, ही तर सरळसरळ मक्तेदारी. टूसॉन शहरातल्या अशा जोडीवर १९६९मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं नेमकं तेच म्हटलं. तेव्हा २२ शहरांत ४४ दैनिकं असे करार करून बसली होती. मालकांनी वॉशिंग्टन गाठलं आणि पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची सही झालेला कायदा आला : दोघांपैकी एक पेपर बुडायला लागला असेल तर धंदा एकत्र करा, संपादकीय विभाग मात्र वेगळा ठेवा.

किती वाचले? अल्बुकर्कीचा ट्रिब्यून २००८ साली बंद पडला. डेन्व्हरच्या रॉकी माउंटन न्यूजनं २००१मध्ये प्रतिस्पर्ध्याशी हातमिळवणी केली; २७ फेब्रुवारी २००९ला शेवटचा अंक निघाला, दीडशेव्या वाढदिवसाला दोन महिनेही उरले नव्हते. आणि टूसॉन? तिथला सिटिझन २००९मध्ये बंद झाला, पण तो चालवणाऱ्या कंपनीचा भागीदारीतला अर्धा हिस्सा तसाच राहिला. पेपर गेला, नफा येत राहिला. करार लिहिताना हे कुणाच्याच लक्षात आलं नसेल, यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

(दृश्य : पुन्हा मराठवाडा. दैनिकाचं कार्यालय, भिंतीवर जुने अंक.)

आपल्याकडे असा खास कायदा नाही. २००२च्या स्पर्धा कायद्यानुसार स्पर्धकांनी मिळून दर ठरवणं गैर. त्यात सवलतीची एक खिडकी आहे, उत्पादन किंवा वितरणाची कार्यक्षमता वाढवणाऱ्या संयुक्त उपक्रमाची. ती उघडायला इथं फारसं कुणी जात नाही, कारण अडचण कायद्याची नाहीच. इथला पेपर माणसाच्या नावानं ओळखला जातो. निजामाच्या बंदीमुळे पुन्हा पुन्हा नाव बदलून निघालेलं 'मराठवाडा' हे पत्र पुढं संपादक अनंत भालेरावांचं म्हणून ओळखलं गेलं. १९८२मध्ये लोकमत औरंगाबादेत आला आणि खपाची चुरस सुरू झाली. त्या चुरशीत वाढलेल्या मालकाला धंदा एकत्र करू, हिशेबाची वही उघडून दाखव म्हटलं, तर तो पाहुण्याला चहा पाजेल, वही दाखवणार नाही.

कारण वहीत खरा जीव आहे. सरकारी जाहिराती मिळतात त्या शासनाच्या मान्यता यादीतल्या नावाला, अ, ब, क अशा वर्गवारीनं. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा मिळतात ओळखीवर. थकलेली बिलं कुणाकडे किती, हे तर घरातसुद्धा सांगत नाहीत.

गंमत पुढंच आहे. अमेरिकेतल्या कायद्यानं धंदा एकत्र करायला मुभा दिली आणि बातमी वेगळी ठेवायला सांगितलं. आपण बरोबर उलटं केलंय : वही वेगळी, बातमी एकच. तालुक्याचा वार्ताहर जाहिरातीच्या कमिशनवर जगतो. मोटारसायकलचं पेट्रोल त्याच्याच खिशातलं. एका पेपरवर त्याचं भागत नाही. मग तोच मजकूर, तोच फोटो व्हॉट्सॲपवरून दोन-तीन कार्यालयांत जातो. रात्री उपसंपादकाच्या हातात आधीच पाच पानं, तो मथळा बदलतो आणि पान सोडतो.

(दृश्य : टपरीवरचे तेच दोन पेपर, आता आतलं पान. दोन्हीकडे एकच बातमी.)

बाजार समितीची बातमी. फोटो एकच. सभापतींच्या नावातली वेलांटी दोन्हीकडे चुकलेली, आणि तीही एकाच अक्षरावर.