जिन्यातली घंटा

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचं आहे ब्रिटनमधल्या घरांबद्दल. ती सामान्य माणसाच्या हाताबाहेर का गेली, त्यांच्यावरची घरपट्टी कोणाच्या खिशातून जाते, आणि त्यात न्याय किती आहे. आकडे येतील, पण आधी एक गोष्ट सांगते.

ग्लासगो शहर, साल 1915. क्लाइड नदीच्या काठी गोव्हन नावाची वस्ती. तिथे लढाईची जहाजं बांधली जात होती. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि कामासाठी हजारो माणसं या वस्तीत लोटली. नवी घरं मात्र बांधली जात नव्हती. राहायला जागा अपुरी म्हटल्यावर घरमालकांनी भाडी वाढवली, काही ठिकाणी तर सरळ पावपट. बरेचसे पुरुष फ्रान्समध्ये खंदकात होते, उरलेले बारा-बारा तास गोदीत. घरी बायका, मुलं आणि म्हातारी माणसं.

तिथली घरं कशी होती म्हणाल, तर आपल्या चाळींसारखीच. तीन-चार मजली दगडी इमारती, एक-दोन खोल्यांची बिऱ्हाडं, सगळ्यांचा मिळून एक जिना आणि मागे कपडे वाळत घालायचं सामाईक अंगण. मी गिरगावात वाढले. गोव्हनच्या त्या जिन्याचे जुने फोटो पाहिले तेव्हा मला त्यातली दारं ओळखीची वाटली. भाडं वसूल करायला घरमालकाचा माणूस यायचा, त्याला तिकडे फॅक्टर म्हणत. आमच्या चाळीत त्याला मेहता म्हणायचे.

या वस्तीत मेरी बार्बर नावाची बाई राहत होती. गालिचे विणणाऱ्या विणकराची मुलगी, नवरा गोदीत. तिनं आणि तिच्या शेजारणींनी ठरवलं की जुनं भाडं देऊ, वाढीव भाडं देणार नाही. हे नीट ऐका, कारण पुढे सगळं यावरच उभं आहे. त्यांनी भाडं बुडवलं नाही. जुनं भाडं त्या द्यायला तयार होत्या, नकार होता तो फक्त वाढीला. खिडक्याखिडक्यांत कागद लागले : भाडेबंदी, आम्ही घर सोडणार नाही.

मग बेलीफ येऊ लागले, सामान रस्त्यावर काढायला. त्यावर या बायकांनी काय केलं? प्रत्येक जिन्यात आळीपाळीनं एक बाई बसायची, हातात घंटा घेऊन. विणकाम करत असेल, तान्हं मूल मांडीवर असेल, पण घंटा जवळ. बेलीफ गल्लीत दिसला की ती घंटा वाजवायची. घंटा वाजली की हातातलं काम टाकून सगळ्या धावायच्या. कोणी पोळपाटावरून, कोणी कपड्यांच्या टबातून, कोणी पोराला अंघोळ घालता घालता. हातात पिठाच्या पुड्या, ओले कपडे, जे असेल ते. जिना गच्च भरायचा, बेलीफाला वर पाऊल टाकता यायचं नाही. पांढऱ्या पिठानं माखून तो परत जायचा.

इथे मला एक बोलल्याशिवाय राहवत नाही. ही घंटा ऐकू यायला स्वयंपाकघराच्या खिडक्या अंगणाकडे असल्याचा उपयोग झाला असेल. हल्ली घरं बांधताना स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडतात, पाइपांच्या बोळात. तिथून शेजारीण दिसत नाही, तिची हाक ऐकू येत नाही. घर बांधणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं असं मला फार वाटतं. असो.

आता गोष्टीतला माझा सर्वांत आवडता भाग. एका फॅक्टरनं युक्ती केली. एका बाईला गाठून सांगितलं, बाकीच्या सगळ्यांनी वाढीव भाडं भरलंय, तूच तेवढी राहिलीस. बिचारी घाबरली आणि पैसे देऊन बसली. हे मेरीबाईंच्या कानावर गेलं. त्यांनी गोदीतल्या कामगारांना काम थांबवून रस्त्यावर यायला सांगितलं. कोळशानं आणि ग्रीसनं काळवंडलेले हजारो पुरुष फॅक्टरच्या कचेरीखाली येऊन उभे राहिले. मेरीबाई बायकांना घेऊन वर गेल्या आणि म्हणाल्या, तिचे पैसे परत द्या. फॅक्टरला खिडकीतून खाली बघायला सांगितलं. त्यानं बघितलं आणि पैसे परत दिले.

किती पैसे असतील ते? दोन-चार शिलिंग. पण त्या एका बाईच्या दोन-चार शिलिंगांसाठी गोदी थांबली.

17 नोव्हेंबर 1915. अठरा भाडेकरूंना कोर्टाचं बोलावणं आलं. त्या दिवशी ग्लासगोच्या कोर्टाबाहेर हजारोंचा जमाव होता, गोद्यांमधले कामगार संपाच्या तयारीत होते, आणि युद्ध चालू असताना गोद्या बंद पडणं सरकारला परवडणारं नव्हतं. लंडनला लॉइड जॉर्ज यांच्यापर्यंत निरोप गेला. ते तेव्हा युद्धसामग्रीचे मंत्री होते. खटले सोडून दिले गेले. वर्ष संपायच्या आत पार्लमेंटनं कायदा केला : युद्ध सुरू होताना, म्हणजे ऑगस्ट 1914 मध्ये जे भाडं होतं, त्याच्या वर छोट्या घरांचं भाडं न्यायचं नाही. आकडा गोठवला.

तीन वर्षांनी, 1918 साली, तशाच नावाचा युद्धकालीन भाडेनिर्बंध कायदा आपल्या मुंबईत आला. पुढे 1947 चा कायदा आला आणि मुंबईतली भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या आकड्यावर बांधली गेली. आम्हा चाळकऱ्यांना त्या आकड्यानं डोक्यावर छप्पर दिलं, हे मी कधी विसरणार नाही. पण तोच आकडा पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहिला, डागडुजी थांबली, पागडी वाढली आणि नव्यानं मुंबईत येणाऱ्याला दार बंद झालं. गोठवलेला आकडा संकटात वाचवतो. संकट टळल्यावरही तो तसाच ठेवला, तर आत बसलेल्याचा फायदा आणि बाहेर उभ्या असलेल्याचं नुकसान. हे लक्षात ठेवा, कारण आता ब्रिटनचा दुसरा गोठवलेला आकडा सांगते.

तो आकडा आहे 1991.

ब्रिटनमध्ये घरपट्टीला काउन्सिल टॅक्स म्हणतात. त्याच्या आधी तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईंनी माणशी कर आणला होता, पोल टॅक्स. लॉर्ड असो की रस्ता झाडणारा, एका गावात रक्कम सारखीच. लाखो लोकांनी तो भरला नाही, 31 मार्च 1990 ला लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात दंगल झाली, आणि त्याच नोव्हेंबरात थॅचरबाईंना जावं लागलं, त्यातलं एक मोठं कारण हा कर होता. मग घाईघाईनं 1993 मध्ये काउन्सिल टॅक्स आला. एप्रिल 1991 मध्ये तुमच्या घराची किंमत किती असती, यावरून ए ते एच असे आठ पट्टे, म्हणजे किमतीचे गट, पाडले. पुष्कळ घरांची किंमत रस्त्यावरून गाडी हळू चालवत, नुसतं बाहेरून बघून ठरवली गेली. तिथे त्याला सेकंड गिअरचं मूल्यमापन असंच नाव पडलं.

आज इंग्लंडमध्ये कर त्याच पट्ट्यांवर आहे. 1991 च्या किमतीवर. आज बांधलेल्या घराचीसुद्धा 1991 साली किंमत किती झाली असती, याचा हिशोब मांडतात. सर्वांत खालचा पट्टा 40 हजार पौंडांपर्यंतचा, सर्वांत वरचा 3 लाख 20 हजारांच्या पुढचा, मग महाल असला तरी तोच. किंमत निदान आठपट, कर मात्र तिप्पट. त्यात पालिकापालिकांत दर वेगळे. लंडनच्या वेस्टमिन्स्टरमध्ये वरच्या एच पट्ट्यातल्या हवेलीला जेवढा कर पडतो, त्यापेक्षा जास्त कर ईशान्येकडच्या हार्टलपूलमध्ये मधल्या डी पट्ट्यातलं घर भरतं. वेस्टमिन्स्टरला उत्पन्नाची इतर साधनं आहेत हे खरं. पण हार्टलपूलच्या बाईला ते सांगून काय उपयोग?

आणि आपल्याकडे घरपट्टी मालक भरतो. तिकडे हा कर राहणारा भरतो. म्हणजे भाडेकरू भाडंही भरतो आणि घरपट्टीही. ज्या घराची किंमत वाढून मालक श्रीमंत झाला, त्याच घराचा कर भाडेकरूच्या खिशातून.

वेल्सनं 2005 मध्ये पट्टे नव्यानं पाडले. इंग्लंडनंही ठरवलं होतं, पण त्याच वर्षी पुढे ढकललं आणि पुन्हा कोणत्याही पक्षाच्या सरकारनं हात लावला नाही. कारण ज्यांचा कर वाढेल त्यांची नाराजी मतपेटीत लगेच दिसते. आणि ज्यांचा कमी होईल, त्यांच्या जिन्यात घंटा घेऊन कोणी बसलेलं नाही. माझं मत स्पष्ट आहे, हे मूल्यमापन दर पाच वर्षांनी व्हायलाच हवं. नोव्हेंबर 2025 च्या बजेटमध्ये अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी इंग्लंडमधल्या 20 लाख पौंडांवरच्या घरांवर वर्षाला अडीच ते साडेसात हजारांचा जादा कर जाहीर केला, एप्रिल 2028 पासून, आणि तो मालकानं भरायचा. बाकी सगळी घरं 1991 मध्येच.

दरम्यान इंग्लंडमध्ये मध्यम घराची किंमत 1997 साली मध्यम वार्षिक पगाराच्या साडेतीनपट होती, 2024 साली 7.7 पट. त्यामागे कारणं अनेक. 1980 च्या कायद्यानं पालिकांची घरं भाडेकरूंना सवलतीत विकली गेली, विकली त्या मानानं नवी बांधली नाहीत, आणि जमिनीचे भाव चढत राहिले. गंमत नाही, पण योगायोग बघा : याच लॉइड जॉर्ज यांनी अर्थमंत्री असताना 1909 च्या अर्थसंकल्पात जमिनीच्या आपोआप वाढलेल्या किमतीवर वीस टक्के कर मांडला होता. लॉर्डांच्या सभागृहानं, म्हणजे पार्लमेंटच्या वरच्या सभागृहानं, आधी तो अर्थसंकल्पच फेटाळला, मग कर आला, आणि 1920 मध्ये रद्दही झाला.

आता ज्यांची मुलं तिकडे शिकायला जाणार आहेत, त्यांनी कागद-पेन्सिल घ्या. घरात सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर काउन्सिल टॅक्स लागत नाही, पण विद्यापीठाचं पत्र पालिकेकडे द्यावं लागतं. पुन्हा सांगते, पत्र द्यावं लागतं. दुसरं. माझ्या भाच्याकडून त्याच्या घरमालकानं सहा महिन्यांचं भाडं आगाऊ घेतलं होतं, कारण तिथला जामीन त्याच्याकडे नव्हता. बहिणीनं त्यासाठी मुदत ठेव मोडली. इंग्लंडमध्ये खाजगी भाडेकरूंसाठीच्या 2025 च्या नव्या कायद्यानं 1 मे 2026 पासूनच्या करारांना एका महिन्याहून जास्त भाडं आगाऊ मागायला मनाई केली आहे, आणि कारण न देता घर रिकामं करायला लावण्याची नोटीसही त्याच तारखेपासून बंद. तारीख लक्षात ठेवायला सोपी आहे, महाराष्ट्र दिन. मोठ्या खाजगी वसतिगृहांना मात्र वेगळे नियम आहेत, तेव्हा सही करण्याआधी विचारून घ्या.

आणि कोणी ग्लासगोला गेलंच, तर भुयारी रेल्वेनं गोव्हन स्टेशनला उतरा. बाहेरच मेरीबाईंचा पुतळा आहे, 8 मार्च 2018 ला बसवलेला. त्या पुढे चालतायत आणि मागे सगळी गल्ली आहे. नमस्कार.