भूल उतरल्यावर काय विचारायचं?

श्रोतेहो, नमस्कार.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी राउंडला आलेले भूल देणारे डॉक्टर विचारतात, "काय आजी, बरं वाटतंय ना?" आजी हात जोडतात, "हो डॉक्टर, तुमची कृपा." झालं! आजी समाधानी. ज्यानं आपल्याला झोपवलं आणि सुखरूप उठवलं, त्याच्या तोंडावर कुरकुर करणार कोण?

ऑस्ट्रेलियातल्या १०,८११ पेशंटांची एक पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. त्यात ९६.८ टक्के लोक समाधानी निघाले. आकडा भिंतीवर लावावा असा आहे, पण भूलतज्ज्ञाला त्यातून उद्या काय सुधारायचं ते कळत नाही. कामाची माहिती उरलेल्या थोड्यांकडे होती. जास्त दुखलं, उलट्यांनी हैराण केलं किंवा ऑपरेशन चालू असताना जाग आली, असेच लोक प्रामुख्यानं नाराज होते.

म्हणून मोघम विचारून भागत नाही. मे २०१४मध्ये ब्रिटनच्या अडीचशेवर सरकारी रुग्णालयांत दोन दिवस पंधरा हजारांवर पेशंटांना नेमकं विचारलं गेलं: थंडी वाजली? घसा दुखला? मळमळलं? तहान लागली? सगळ्यात जास्त त्रास कशाचा निघाला असेल? टाक्यांच्या दुखण्याचा नव्हे, तहानेचा! जखम फार दुखली म्हणणारे ११ टक्के, तर तहानेनं जीव कासावीस झाला म्हणणारे १८.५ टक्के. 'समाधानी का?' एवढंच विचारलं असतं, तर ही तहान कुणाच्या कागदावर आलीच नसती.

आपल्याकडे तर "रात्री बारानंतर पाण्याचा थेंब नाही" हे वाक्य पाठच असतं. सकाळचं ऑपरेशन दुपारी तीनवर गेलं, तरी पेशंट बिचारा ओठांवरून जीभ फिरवत बसलेला. खरं तर धडधाकट माणसाला ठरलेल्या ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालतं. जेवणाचं पथ्य वेगळं, ते जास्त तासांचं. मधुमेह, गरोदरपण, पोटाचे विकार असतील तर हिशेब बदलतो. तेव्हा स्वतःच्या मनानं घोटभरही घेऊ नका. तपासणीला भूलतज्ज्ञ येतील तेव्हा विचारा, "मी पाणी किती वाजेपर्यंत पिऊ? आणि ऑपरेशन पुढं ढकललं तर?"

आणि रुग्णालयांना एक विनंती. अशा नेमक्या प्रश्नांचा फॉर्म भूल देणाऱ्या डॉक्टरांनी स्वतः भरून घेऊ नये. दुसऱ्या कुणीतरी, निवांत बसून, नातेवाइकांना नव्हे तर पेशंटलाच विचारावं.