क्रँककेस व्हॅक्यूम पंप घेताय? 'किती इंच ओढतो' हे शेवटी विचारा

नमस्कार मंडळी. हा भांडी घासायचा रबरी हातमोजा. टॅपेट कव्हरवरचा, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचा, हवा सोडणारा ब्रीदर काढून त्या तोंडावर ताणून बसवलाय, बाकीची तोंडं बंद. आता इंजिन सुरू करतो... बघा, पाचही बोटं ताठ! बस, बंद करतो.

ही हवा पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये, क्रँक फिरतो त्या पोकळीत उतरलेली, म्हणजे ब्लो-बाय. ती कोंडली की सीलमधून तेल बाहेर ढकलते आणि खाली येणाऱ्या पिस्टनला उलटा रेटा देते. रोजच्या गाडीत पीसीव्ही व्हॉल्व्ह तिला इनटेकमध्ये खेचतो. पण फुल थ्रॉटलला इनटेकमध्ये ओढच उरत नाही; ब्लो-बाय सगळ्यात जास्त, आणि हा नेमका तेव्हाच रजेवर! म्हणून अमेरिकेतले ड्रॅग रेसर ती ओढून काढायला बेल्टवर फिरणारा पात्यांचा पंप लावतात. समोर आहे ते शेवरोलेचं ३५० स्मॉल ब्लॉक, ५.७ लिटर, वेट संप, म्हणजे तेल इंजिनखालच्या चेंबरमध्येच राहतं.

सगळे विचारतात, किती इंच ओढतो? इंच पाऱ्याचे, आणि पूर्ण निर्वात म्हणजे जेमतेम ३०. पण तोच पंप घट्ट इंजिनवर १५ दाखवेल आणि झिजलेल्यावर ८ वर अडकेल. काटा तुमच्या इंजिनची गळती सांगतो. विचारायचं हे, की किती आरपीएमला किती हवा उपसतो? टर्बो किंवा नायट्रस (जादा ताकदीसाठी इंजिनात सोडायचा वायू) असेल तर ब्लो-बाय जास्त, म्हणून पंपही मोठा. मी आधी शहाणपणा करून ब्रेक बूस्टरचा इलेक्ट्रिक पंप लावला होता. वाटीने विहीर उपसायचा प्रकार!

पुली अशी घ्या की पंप क्रँकच्या साधारण निम्म्या वेगाने फिरेल; ७००० ला ३५००.

वेट संपला मी १२-१४ इंचांपुढे जात नाही. इथे गजन पिनला, म्हणजे पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या पिनला, तेल मिळतं ते क्रँकवरून उडणाऱ्या शिंतोड्यांतून. व्हॅक्यूम वाढला की ते कमी होतात आणि पिन कोरडी पडते. ऑइल पंपालाही चेंबरमधून तेल उचलणं जड जातं, प्रेशर उतरतं. जास्तच हवं तर पिनवर तेल मारणारे जेट बसवा, नाहीतर सरळ ड्राय संप, म्हणजे तेल वेगळ्या टाकीत. ओढ ठरलेल्या इंचांपुढे जाऊ न देणारा रिलीफ व्हॉल्व्ह मात्र घ्याच.

पुढचं क्रँक सीलही बघा. त्याचा ओठ आतून दाब आला की घट्ट बसतो. व्हॅक्यूममध्ये तोच उचलला जाऊन हवा आत घेतो. आणि नुसत्या पंपाने ताकद फार वाढत नाही हो. खरी मजा कमी ताणाच्या, सिलिंडरला कमी घासणाऱ्या ऑइल रिंगा टाकल्यावर.

आता ब्रीदर टाकी, पंपाने ओढलेली हवा इथे येते. बूच उघडतो... चमचाभर तेल. पहिल्या रनला अर्धा लिटर निघालं होतं! पंपाचा होज टॅपेट कव्हरच्या मागच्या टोकाला होता. लाँचला, म्हणजे गाडी झटक्यात सुटताना, तेल मागे धावतं, पंपाने तेच प्यायलं. आता होज पुढच्या टोकाला, खाली तेल अडवणारा बॅफलचा पत्रा.