समेवर कॅमेरा कुठे होता?

(ग्वाल्हेरला, लष्कर भागातल्या एका घरगुती बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, ग्वाल्हेर घराण्याचे ख्यालगायक हद्दू-हस्सू खाँसाहेब, यांची गोष्ट ग्वाल्हेरकरांना सांगायची म्हणजे काशीच्या माणसाला गंगा दाखवण्यासारखं आहे. तरी सांगतो. तानेसाठी नावाजलेले बडे महंमद खाँ दौलतराव शिंद्यांच्या दरबारात गायचे आणि या दोघा भावांना पडद्याआड बसवून ते गाणं ऐकवलं जायचं, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी देव जाणे, पण त्या गोष्टीतल्या पोरांना चित्र नव्हतं, नुसता आवाज होता, आणि तेवढ्यावर त्यांनी तान उचलली. म्हणून मैफलीची नवी डिस्क, डीव्हीडी किंवा ब्लू-रे, पारखायला आली की मी आधी टीव्हीवर चादर टाकतो.

चित्र समोर असलं की कान आळशी होतात. हात हलताना दिसला की आवाज तिथूनच आला, असं मन परस्पर ठरवून टाकतं. चादर टाकल्यावर स्वतःला एकच विचारायचं : या लोकांनी मला बसवलंय कुठे? तिसऱ्या रांगेत, की मंचावर तंबोऱ्यांच्या मधोमध? दोन्ही चालेल, पण जागा एक हवी.

ख्यालाच्या मैफलीत तबला बहुधा गवयाच्या उजव्या हाताला असतो, म्हणजे आपल्या डावीकडे, आणि पेटी आपल्या उजवीकडे. आवाजातही तसंच हवं. पण पुष्कळ ठिकाणी दायाँ, म्हणजे उजव्या हाताचा तबला, एका टोकाच्या स्पीकरमध्ये आणि बायाँ, म्हणजे डाव्या हाताचा डग्गा, दुसऱ्या टोकाच्या. कागदावर हे भव्य वाटतं. आमची आत्या आयुष्यभर तंबोरा घेऊन बसलेली, तिला सराउंड, म्हणजे चहूबाजूंनी येणारा आवाज, वगैरे काही ठाऊक नाही. अशी एक डिस्क ऐकून म्हणाली, ‘‘काय रे, याचे हात बारा फुटी आहेत का?’’ माझं परीक्षण तिथेच संपलं.

आता या सराउंडच्या डिस्कवर लिहिलेलं ५.१ म्हणजे काय, ते पटकन. पुढे तीन स्पीकर, श्रोत्याच्या दोन बाजूंना दोन, आणि ‘पॉइंट वन’ म्हणजे फक्त खर्जाची वाहिनी. बाजूचे दोन स्पीकर लोक पाठीमागच्या भिंतीवर ठोकतात. त्यांची जागा समोरच्या मध्यरेषेपासून साधारण ११० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे. माझ्याकडे हे दोन वर्षानुवर्षं अदलाबदल होऊन जोडलेले होते. उजवीकडची दाद डावीकडून येत होती, आणि मी डिस्क बनवणाऱ्यांना नावं ठेवत होतो. तेव्हा आधी आपल्या तारा तपासा. आपल्या लष्कर भागातल्या जुन्या घरांत दगडी फरशी नि उघड्या भिंती. टाळी वाजवली तरी खोली उत्तर देते. जाजम अंथरा, एखादी रजई लटकवा, मगच दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणाला दोष द्या.

बाजूच्या स्पीकरांतून यायला हवा तो सभागृहाचा श्वास : गुंज, खोकला, ‘क्या बात है’. दुकानात गिऱ्हाईक सांगतं, ‘‘भैया, चारों तरफ से आवाज आनी चाहिए.’’ मग कंपन्याही तसंच देतात, तंबोरे मागे नेऊन ठेवतात. तंबोरे गवयाच्या मागे असतात हे खरं, पण माझ्या मागे तंबोरे म्हणजे मी गवयाच्या जागी बसलो! आणि कॅमेरा मात्र दहाव्या रांगेतून बघतोय. कान मंचावर, डोळे सभागृहात.

आकड्यांनी भुलू नका. डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटलच्या, म्हणजे काही भाग गाळून दाबून बसवलेल्या आवाजाच्या, सहा वाहिन्यांना मिळून सेकंदाला जास्तीत जास्त ४४८ किलोबिट मिळतात, तर सीडीच्या दोन वाहिन्यांना १,४११. ब्लू-रेवर आवाज काहीही न गाळता ठेवता येतो. फरक आहेच. पण हात बारा फुटी केलेत, तर न गाळलेले बारा फुटी हात ऐकू येतील, इतकंच. आणि दोन ट्रॅक ताडून बघताना आवाजाची पातळी सारखी करून घ्या; जो किंचित मोठा, तोच नेहमी गोड लागतो.

मग चादर काढायची. आधी तबलजीची बोटं बघायची. आवाज सेकंदाला ३४३ मीटर धावतो, म्हणजे दहा मीटरवर बसलेल्याला थाप सुमारे ३० मिलिसेकंद उशिराच पोचते. उशिराची आपल्याला जन्माची सवय आहे. पण थाप आधी आणि बोट नंतर, हे निसर्गात कधी घडत नाही. म्हणून आवाज थोडा जरी पुढे गेला तरी डोकं चक्रावतं. सेकंदाला आठ बोल वाजत असतील तर दोन बोलांत १२५ मिलिसेकंदांचं अंतर. तेवढी चूक झाली की ‘तिर’ वाजताना ‘किट’ची बोटं दिसतात.

रंगांत मी गडद निळा बघतो. हल्ली मंचावर एलईडीचे निळे-जांभळे दिवे आणि धूर. धुरातून जाणाऱ्या झोतात पायऱ्या-पायऱ्या दिसल्या किंवा चौकोन वळवळायला लागले, तर डेटा पुरलेला नाही. फिल्मचा रवा, म्हणजे चित्रात दिसणारे बारीक दाणे, हा मात्र दोष नव्हे. १९७१च्या १ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशासाठी जो कार्यक्रम झाला, तो १६ मिलिमीटर फिल्मवर टिपला होता. रवा दिसणारच. तो पुसायला गेलात तर चेहरे मेणाचे होतात. तिथेच रविशंकर आणि अली अकबर खाँ वाद्यं लावत होते आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. लावणंच एवढं आवडलं तर वाजवणं आणखी आवडेल, अशा अर्थाचं काहीतरी रविशंकर म्हणाले. हसा, पण ते लावणं आणि त्या टाळ्या फिल्ममध्ये कापल्या नाहीत, याचे गुण मी जास्त देतो.

कारण खरा घोळ संकलनात होतो. विलंबित ख्याल चाललाय, गवई एक-एक स्वर उलगडतोय आणि दिग्दर्शक दर चार सेकंदांनी कंटाळतोय. मग श्रोते दाखवा, झुंबर दाखवा. गवई फिरून मुखड्यावर, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीच्या तुकड्यावर येतो, समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, तबलजी मान वर करतो, दोघांची नजर भेटते, आणि पडद्यावर? पहिल्या रांगेतले एक गृहस्थ. तेही हाताने ताल देताहेत, आणि समेवर टाळीऐवजी ‘खाली’, म्हणजे रिकाम्या मात्रेची खूण, दाखवताहेत! तो तुकडा दुसऱ्याच बंदिशीच्या वेळचा, इथे चिकटवलेला. पॉप मैफलीत हे खपून जातं, तिथे कॅमेरा उड्या मारतो तेच बरं वाटतं. आपल्याकडे सम हुकली की सगळंच हुकलं. म्हणून माझ्या वहीत प्रत्येक डिस्कपुढे पहिला रकाना हाच : दहा समांपैकी किती वेळा कॅमेरा गवई किंवा तबलजीवर होता?

बरं, आता दिवे मालवा. मी दोन ट्रॅक लावतो, कोणता कुठला ते सांगणार नाही. काका, तुम्ही जरा मधल्या गादीवर या, कोपऱ्यात खर्ज साचतो. आत्या, तू आहेस तिथेच बस. चादर टाकतोय. तबला कुठून येतोय, नुसतं बोट दाखवून सांगा.