पाच राजवटी पाहिलेले संत्र्याचे झाड

श्रोतेहो, नमस्कार. फ्रान्सच्या थंडीत संत्र्याचे झाड उघड्यावर तग धरत नाही, एवढे ध्यानात घेतले की व्हर्सायच्या राजवाड्याची ऑरेंजरी, म्हणजे संत्र्याची झाडे हिवाळ्यात ठेवायची इमारत, कशासाठी बांधली ते आपोआप कळते. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्यासाठी वास्तुविशारद मांसार याने १६८४ ते १६८६ या काळात राजवाड्याच्या दक्षिण बाजूला, वरच्या बागेच्या पोटात, ती उभी केली. मधले दालन दीडशे मीटरहून लांब, भिंती चार-पाच मीटर जाड आणि उंच खिडक्यांचे तोंड दक्षिणेकडे. त्या जाड भिंती आणि ते दक्षिणेचे ऊन, पुन्हा सांगतो, दक्षिणेचे ऊन, यांच्या बळावर झाडे हिवाळा काढतात. आपल्याकडे कुंड्या जिन्याच्या अंधारात शोभेला ठेवतात, ते मला कधीच पटलेले नाही. झाडाला आधी उजेड द्यावा, शोभा मागाहून येते.

समोर गोल हौद, त्याभोवती हिरवळीचे आखीव ताटवे आणि दोन्ही अंगांना शंभर पायऱ्यांचे जिने आहेत. मे महिन्यात हजारांहून अधिक झाडे या बागेत येतात, ती लाकडी पेट्यांसकट. पेटीच्या बाजू उघडता येतात, त्यामुळे झाड न उपटता मुळे तपासता येतात आणि माती बदलता येते.

या पेट्यांपैकी एकीतल्या झाडाची हकिकत मला फार प्रिय आहे. परंपरा अशी सांगते की, १४२१ साली आजच्या उत्तर स्पेनमधल्या नाव्हार राज्याच्या राणीने पाम्पलोना येथे एका कुंडीत कडू संत्र्याच्या बिया लावल्या. त्यातून वाढलेले झाड हातोहात फिरत बूर्बाँच्या ड्यूककडे, म्हणजे फ्रान्सच्या सरसेनापतीकडे पोहोचले. पुढे हा सरसेनापती राजा पहिला फ्रान्स्वा याच्याशी बिनसल्यामुळे शत्रूला जाऊन मिळाला, तेव्हा १५२३ साली त्याची मालमत्ता जप्त झाली आणि तिच्याबरोबर हे झाडही फोंतेनब्लोच्या राजवाड्यात आले. तो स्वतः १५२७ साली रोमच्या तटाला शिडी लावून चढताना गोळी लागून मेला. मालक गेला, झाड राहिले. मालक गेला, झाड राहिले, हे लक्षात असू द्या, कारण पुढे, अडीचशेहून अधिक वर्षांचे झालेले ते झाड मांसारच्या नव्या दालनात आणले गेले. लोक त्याला ‘थोरला सरसेनापती’ म्हणू लागले. लुई गेला, त्याचा पणतू गेला, क्रांती झाली, नेपोलियन आला आणि गेला. थोरला सरसेनापती मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत दर ऑक्टोबरात आत जात होता आणि दर मे महिन्यात उन्हात येत होता.