चिखलात कोण नाहीये ते बघा

मागे आवाज येतोय का? पंखा एक नंबर कमी करा हो कोणीतरी. हां.

आज बघायचंय ते असं की जुन्या काळी समुद्रात ऑक्सिजन किती होता आणि पाणी किती खारट, हे तळाच्या गाळावरून कसं कळतं. तर ही नळी बघा, साधी पीव्हीसीची, प्लंबर वापरतो तीच, आणि आत शिवडीचा चिखल आहे, परवा सुकतीला जाऊन खोचून काढला आणि नळी उभी चिरली. वरचं बोटाच्या पेराएवढं तपकिरी दिसतंय ना, त्याखाली एकदम काळं, आणि त्या काळ्याला तो वास, सडक्या अंड्याचा, माहीमची खाडी ओलांडताना लोकलच्या डब्यात शिरतो तो. घाण आहेच, पण घाणीच्या आतली गोष्ट अशी की चिखलात थोडं खाली गेलं की ऑक्सिजन संपतो, मग तिथले बॅक्टेरिया समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर भागवतात, त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, तो लोखंडाला भेटला की काळा रंग. पुढे त्याचंच पायराइट होतं, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं खनिज, मायक्रोस्कोपखाली तुतीच्या फळासारखे बारीक गोळे, आणि ते लाखो वर्षं टिकतात.

पण ऑक्सिजनचा खरा पुरावा रंगात नाही, किड्यांत आहे, म्हणजे किडे नसण्यात. समुद्राच्या तळाला हवा पुरेशी असली की समुद्री गांडुळं, खेकडे, शिंपल्या वरचा आठ-दहा सेंटीमीटर गाळ सतत उकरत बसतात, आणि खोल समुद्रात हजार वर्षांत गाळ साचतो जेमतेम काही सेंटीमीटर, म्हणजे बघा, एका वळवळीत शतकंच्या शतकं एकत्र कालवली गेली. हवा नसेल तर उकरायला कोणीच नाही, गाळ बसला तसाच बसून राहतो, पापडाच्या चवडीसारखा. आपल्या अरबी समुद्रात साधारण 200 ते 1000 मीटर खोलीवर असा ऑक्सिजन जवळपास नसलेला पट्टा आहे. पावसाळी वाऱ्याने खालचं पाणी वर येतं, त्यावर प्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, माजतं, मरून खाली जाताना कुजतं आणि ऑक्सिजन खाऊन टाकतं, आणि खाली ताजं पाणी पोचतं तेही थोडंच. कराचीच्या समोर त्या खोलीवरचा गाळ काढला तर एक फिका थर, एक गडद थर, मिलिमीटरभर जाडीचे, वर्षाला एक जोडी. मधेच काही भाग मात्र पूर्ण कालवलेले. ते कालवलेले भाग हिमयुगातल्या कडाक्याच्या थंडीच्या काळातले निघाले, आणि तीच थंडी ग्रीनलंडच्या बर्फातही सापडते! तिकडे गारठा वाढला की इकडे किडे परत यायचे.

आता मीठ. मिठाचं प्रकरण जास्त चिवट आहे, कारण खारटपणा गाळात थेट लिहिलेला नसतो, वजाबाकीने काढावा लागतो. भांडुप-मुलुंडची मिठागरं हायवेवरून बघितली असतील. ऑक्सिजनचे अणू असतात हलके, ते ऑक्सिजन-16, आणि थोडे जड, ते ऑक्सिजन-18. तिथलं पाणी आटतं तेव्हा ऑक्सिजन-16 वालं हलकं पाणी आधी उडतं, ऑक्सिजन-18 वालं जड पाणी मागे जास्त राहतं. म्हणजे जितकं आटलं तितकं खारट आणि तितकंच जड. पावसाचं, नदीचं पाणी हलकं. फोरॅमिनिफेरा नावाचे जीव, वाळूच्या कणाएवढे, त्याच पाण्यातून कवच बनवतात आणि मेल्यावर कवच तळाला. छान वाटतं ना ऐकायला? पण पाणी गार असलं तरी कवच जडच होतं. मग खारट होतं की गार? म्हणून त्याच कवचातलं मॅग्नेशियम मोजायचं, गरम पाण्यात ते जास्त शिरतं, त्यावरून तापमान काढून वजा करायचं. अजून एक वजाबाकी बर्फाची. साधारण 20 हजार वर्षांपूर्वी हलकं पाणी बर्फ होऊन जमिनीवर अडकलं, समुद्र 120 मीटर खाली गेला, सगळाच थोडा जड आणि थोडा खारट झाला. बॉम्बे हायला, आपल्या समुद्रातल्या तेलविहिरींपाशी, आज पाणी आहे 75 मीटरच्या आसपास, म्हणजे तेव्हा तिथे चालत जाता आलं असतं, मेगाब्लॉकची भानगड नाही. एवढं सगळं वजा करून जे उरतं तो खारटपणा, आणि त्यालाही थोडं मागेपुढे धरूनच चालायचं.

मीठ आणि हवा एकत्र बघायची तर काळा समुद्र. हिमयुगात ते तळं होतं, गाळ राखाडी. सुमारे 9 हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राचं खारं पाणी आत घुसलं, जड म्हणून तळाला बसलं, वर नद्यांचं गोडसर पाणी, दोघं मिसळेनात. तळाचा ऑक्सिजन संपला आणि राखाडी गाळावर काळाकुट्ट थर आला, आजही दीड-दोनशे मीटरखाली तिथे मासा नाही.

माझी फजिती सांगतो. शिकत असताना खाडीतली अशीच नळी आणली, दोन्ही टोकांना बूच मारलं आणि बाण काढायचा राहिला. आठ दिवस मी तिची नोंद करत होतो, सर येऊन म्हणाले, अरे, सगळ्यात जुन्या थरात गुटख्याची पुडी कशी? उलटी धरली होती.

म्हणून हिच्यावर मार्करने केवढा बाण आहे बघा. आता ही फिरवतो. काळ्या भागात काही उभ्या तपकिरी रेषा दिसतील, ती बिळं, किडा खाली जाताना सोबत हवा घेऊन गेलाय. बोट लावू नका, आणि मागच्या रांगेतल्या काकू, पदर सांभाळा.